आरशातला जोडीदार

७ जानेवारी

प्रिय मेव्हण्या,

तू पाठवलेले तीन चेंडू मिळाले, त्यालाही आता दोन महिने होत आले. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक सापडत नव्हता. काल तो दुकानातल्या बेसिनमागे मिळाला, तेव्हा म्हटलं, आता पत्र लिहायला तोंड आहे.

तू लिहिलं होतंस, "भाऊजी, पंधरा दिवसांत जमेल." तुझ्या शाळेतल्या पोरांना जमत असेल. माझे पहिले पंधरा दिवस नुसते वाकून उचलण्यात गेले. कंबर तेवढी मोकळी झाली, पायाच्या अंगठ्याला हात पोचतो आता. एक चेंडू पावडरच्या डब्यात पडला आणि मी दिवसभर भुतासारखा पांढरा फिरलो. एक खुर्चीत झोपलेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. ते दचकून उठलं आणि म्हणालं, "झालं का?" मी घाबरून "झालं" म्हटलं. अर्धं डोकं कापलेलं घेऊन बिचारा दारापर्यंत गेला होता.

पण आता जमतं. तीन चेंडू हवेत राहतात. फार वेळ नाही, पण हा माणूस काय करायचा प्रयत्न करतोय, हे बघणाऱ्याला कळण्याइतका वेळ नक्की.

तर मुद्दा असा. मार्चमध्ये तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये तू तो जगलिंगचा महोत्सव भरवतोस, त्याला यावं म्हणतो. तिथे काय काय असतं ते आधी कळव. कपडे कसे घालायचे? येणारे सगळे पटाईत असणार. माझ्यासारख्याला कोपऱ्यात बसून बघू देतात, की दारातच परीक्षा घेतात? चार लोकांत हसं करून घ्यायला मी एवढ्या लांब येणार नाही. ते मी इथे घरबसल्या करतोच.

बाकी प्रकृती ठणठणीत. दुकान जोरात चाललंय.

तुझा,
भाऊजी

ता. क. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली लिहिते. दुकान जोरात चाललेलं नाही. ऑगस्टपासून यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं दुखणं नाही, वयाबरोबर काहींना होतं, पण जाणारही नाही. तेव्हापासून यांनी वस्तरा हातात धरलेला नाही. दाढीला कोणी आलं की सांगतात, वस्तरा धार लावायला दिलाय. पाच महिने धारच लागते आहे. लोक काय खुळे आहेत? येईनासे झालेत. शेजारचा मोबाइलवाला जागा मागतोय, त्याला हे मार्चमध्ये सांगतो म्हणालेत. तीस वर्षांचं दुकान रे. तू चेंडू गंमत म्हणून पाठवलेस, हे ते औषध घेतल्यासारखे झेलतात. यांना बोलाव. मी हे लिहिलंय ते मात्र कळू देऊ नकोस. — ताई

१९ जानेवारी

आदरणीय भाऊजी,

अवश्य या. परीक्षा घेत नाहीत. घेतली असती तर आयोजक म्हणून पहिला मीच नापास झालो असतो. पंधरा वर्षं मी हे करतो आहे, आणि मागच्या वर्षी शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमात माझ्या हातून सुटलेला क्लब थेट उपमुख्याध्यापकांच्या चहात गेला. क्लब म्हणजे बाटलीसारखा लांबट असतो, चहात पूर्ण बसत नाही, पण चहा पूर्ण बाहेर येतो. तेव्हापासून ते मला वार्षिक सुट्टी मंजूर करताना कपाकडे बघतात.

काय काय असतं, विचारलंत. दारात एक टेबल असतं, तिथे नाव सांगायचं, मनगटाला कागदी पट्टी बांधून घ्यायची. आत शिरलात की आधी कानाला कळेल. स्वयंपाकघरातली मांडणी कोसळत राहावी तसा आवाज येतो, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. तो पडण्याचा आवाज आहे. नवखा माणूस पहिला तासभर दचकतो. त्यानंतर आवाज थांबला तरच दचकतो.

पडलं तर कोणाला सॉरी म्हणू नका, दुपारपर्यंत घसा बसेल. दुसऱ्याची वस्तू पायाशी आली तर हातात नेऊन देऊ नका, नुसती जमिनीवरून त्याच्याकडे सोडा. समोरासमोर उभे राहून दोघं एकमेकांकडे फेकत असतील तर मधून जाऊ नका. आमचे शिपाई मधून गेले होते, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. चेंडूंवर खूण करून आणा, सगळ्यांचे सारखेच दिसतात. कपडे वाकता येईल असे घाला. वाकण्याची सवय तुम्हाला झालेलीच आहे.

हॉलच्या एका भिंतीवर फळा असतो. कोणाला काही शिकवायचं असलं की तो आपला विषय आणि वेळ तिथे लिहितो. शिकवणारा शाळकरी असेल आणि शिकणारा आजोबा, त्याचं कोणाला काही वाटत नाही. राहायचं आमच्याकडे. रविवारी संध्याकाळी गावातल्या लोकांसाठी कार्यक्रम असतो, आणि तो बघून सोमवारी जो तो आपापल्या कामाला.

एक सुचवू? तिथे खरी मजा जोडीने फेकण्यात आहे. तुमच्याकडे जोडीदार नाही, पण आरसा तर आहे, केवढा मोठा. त्याच्यासमोर उभे राहा, उजव्या हाताने समोर फेकल्यासारखं करा, आणि समोरचा फेकतोय असं समजून झेला. आरशात बघून सराव केलात की इथे कोणीही जोडीदार चालेल. व्यायामाचा शिक्षक म्हणून सांगतो, आरशासारखा गुरू नाही.

तुमचा,
मेव्हणा

११ फेब्रुवारी

प्रिय मेव्हण्या,

तुझ्या सांगण्याप्रमाणे जोडीदार धरला. माणूस शिस्तीचा आहे. मी येतो तेव्हाच येतो. माझ्या हातून पडलं की तोही लगेच टाकतो, म्हणजे मला वाईट वाटू नये. फक्त त्याचे केस वाढलेत आणि दाढी कोणाकडून तरी नीट करून घ्यायला हवी. सांगायचं कोणी?

क्लब इथे मिळत नाहीत, म्हणून शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या. एक रिकामी नव्हती, ते उशिरा कळलं. एकदा फेकल्यासारखं करायचं विसरून खरंच फेकली. आरसा वाचला, आरशाखालची फळी नाही वाचली. पण रोज दुपारी, दुकानात कोणी नसतं तेव्हा, मी आणि तो अर्धा तास उभे राहतो. दुपारी कोणी नसतं, हे अगदी सहज लिहून गेलो. सकाळीही फारसं कोणी नसतं. असो.

समोरच्याची बाटली कुठून निघते आणि माझ्याकडे कुठे येईल, हे मी इतकं घोटलंय की आता डोळे मिटून हात पुढे करतो.

तरी तुझ्याकडे येणं बहुधा जमणार नाही. कामं आहेत. शिवाय विचार केला, इतक्या लोकांत जाऊन उभं राहायचं आणि त्यांनी आपल्या हातांकडे बघायचं, हे माझ्या वयाला शोभत नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष हातांकडेच असणार ना? तू मनाला लावून घेऊ नकोस. चेंडू छान आहेत.

तुझा,
भाऊजी

ता. क. येणार आहेत. बसचं तिकीट काढून मी पिठाच्या डब्यात ठेवलंय, कारण तिथे हे कधी हात घालत नाहीत. महोत्सवाच्या आदल्या शुक्रवारी स्टँडवर घ्यायला जा. — ताई

१७ मार्च

आदरणीय भाऊजी,

मी गाढव आहे. यावर आमचे मुख्याध्यापक, माझी बायको आणि ताई यांचं एकमत आहे. तुमचं मत तेवढं बाकी होतं, ते तुम्ही सोमवारी पहाटे न सांगता निघून जाऊन दिलंत.

शनिवारी तुम्ही हॉलभर फिरताना दिसत होता, त्या बस चालवणाऱ्या बाईंबरोबर क्लब फेकताना दिसलात, मी मनात म्हटलं, झकास. माझं तुमच्याकडे लक्ष नव्हतं, हेही कबूल. शिट्टी तोंडात आणि याद्या काखेत, असा मी दोन दिवस पळत होतो.

मग रविवारची ती वेळ. कार्यक्रमाला थोडाच अवकाश, आणि हनुवटीवर शिडी पेलणारे ते काका हनुवटी चोळत माझ्याकडे आले. म्हणाले, सामान घरी राहिलं, प्रवासात दाढी वाढली, खुंट असले की शिडीचा पाय नेमका कुठे टेकलाय ते कळत नाही, कोणाकडे वस्तरा आहे का? आता माझं असं आहे की तोंडात शिट्टी नसली की मी काहीही बोलतो. हॉलभर ऐकू जाईल असं ओरडलो, "आमचे भाऊजी न्हावी आहेत की, तीस वर्षांचा हात आहे."

बोललो आणि तुमचा चेहरा बघितला. तेव्हा आठवलं. हो, मला माहीत होतं. ताईने जानेवारीतच तुमच्या पत्राखाली लिहिलं होतं. तिच्यावर रागवू नका, तिला कोणाला तरी सांगायचं होतं.

तुम्ही पिशवी उचललीत आणि काकांना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेलात. दार लावून घेतलंत. मी बाहेर उभा. आतून काही ऐकू येईना. बाहेर आलात तेव्हा तुमच्या कपाळावर घाम होता आणि काकांच्या हनुवटीखाली लाल टिपका. पुढे काकांची शिडी पहिल्या खेपेला पडली, तेव्हा मी पडद्याआड बघितलं, तर तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होता. सकाळी अंथरुणाची घडी, आणि तुम्ही नाही.

भाऊजी, तुम्हाला चार लोकांत हसं करून घ्यायचं नव्हतं, ते मी चारशे लोकांत करून दिलं. यावरून तुम्ही दुकान त्या मोबाइलवाल्याला देऊन टाकलंत, तर त्याचं पाप माझ्या माथ्यावर. काहीतरी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

तुमचा,
मेव्हणा

२४ मार्च

चि. भावास,

तुझं पत्र आलं. यांनी वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. मला काही बोलले नाहीत, म्हणजे माझ्या चुगलीबद्दलही नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी स्टँडवरून हे घरी आले नाहीत, थेट दुकानात गेले. मोबाइलवाला त्या दिवशी फळ्यांची मापं घ्यायला येणार होता. मी डबा घेऊन पोचले, तर तो टेप हातात धरून निघून चालला होता. मापं घेऊन निघाला होता की न घेता, ते त्याच्या तोंडावरून कळेना. मी यांना विचारलं नाही. बायकोने असं घाबरू नये, पण घाबरते मी. सात महिन्यांत हा माणूस इतका गप्प कधीच नव्हता. चेंडू पडले तरी स्वतःवर चार विनोद करायचा.

एक सांगते. काल सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीतून चामड्यावर वस्तरा घासल्याचा आवाज येत होता. मी दारात थांबून ऐकला आणि परत फिरले. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला ठाऊक नाही. माणूस वस्तू देऊन टाकतानाही लखलखीत करून देतो.

— ताई

२ एप्रिल

प्रिय मेव्हण्या,

तू गाढव आहेस हे माझंही मत आहे, पण तुला वाटतं त्या कारणासाठी नाही.

शनिवारपासून सांगतो. दारात पट्टी बांधून घेतली आणि आत आलो. तू सांगितलेला आवाज ऐकला. मांडणी कोसळते म्हणालास ते कमीच. मी भिंतीला लागून उभा राहिलो आणि उजवा हात खिशात घातला. मग बघत राहिलो. मेव्हण्या, तुम्ही लोक किती टाकता रे. मला वाटलं होतं, महोत्सव म्हणजे ज्यांच्या हातून पडत नाही अशांचं संमेलन. इथे सात-सात चेंडू खेळणाराही दर मिनिटाला खाली वाकतोय, आणि वाकताना शेजाऱ्याशी कशाच्या तरी गप्पा मारतोय. माझ्या हाताकडे कोणी बघेल म्हणून मी भीत होतो. सगळे आपापलं शोधण्यात गुंग. दुपारी कधीतरी हात खिशातून बाहेर आला, मला कळलंही नाही.

मग त्या बसवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "जोडीने फेकता का?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "सरावच करून आलोय." त्यांनी पहिला क्लब फेकला, तो माझ्या डाव्या खांद्यावर आदळला. दुसरा डाव्या कानाला चाटून गेला. तिसरा पुन्हा खांद्यावर. आणि मी आपला उजवा हात पुढे करून राजासारखा उभा. मनात म्हटलं, संपलं. हात कामातून गेला. एवढं सरळ आलेलं झेलता येत नाही.

बाई चांगल्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी डावीकडे फेकतेय, तुम्ही उजव्या हाताने कोणाची वाट बघताय? शिकवलं कोणी तुम्हाला?" मी म्हटलं, "आरशाने."

त्या खालीच बसल्या हसत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खरा माणूस समोर उभा राहिला की त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर येतो. आरशातला येतो उजव्यासमोर. दीड महिना मी असल्या माणसाबरोबर सराव करत होतो, जो जगात कुठे नाही. तू व्यायामाचा शिक्षक, तुला हे कळलं नाही. पण मी? तीस वर्षं आरशासमोर उभं राहून पोट भरलंय मी. माझ्या अकलेला काय म्हणायचं?

पण ऐक. मी त्या बाईंच्या शेजारी बसलो आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ऑगस्टपासून काहीही बिघडलं, कप निसटला, किल्ली लागेना, तुझ्या ताईशी भांडण झालं, तरी मी आधी उजव्या हाताकडे बघतो. त्या दिवशी पहिल्यांदा हात निर्दोष सुटला. दोष सगळा डोक्याचा निघाला. आपण मूर्ख आहोत हे कळून कोणाला इतका आनंद झाला नसेल.

आता रविवार. तू ओरडलास तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पिशवीत वस्तऱ्याची पेटी होती, टॉवेलाखाली. ती मी ठेवलेली नव्हती. कोणी ठेवली ते तुला कळलं असेलच.

खोलीत काका खुर्चीत बसले. मी साबण लावला, वस्तरा उघडला, आणि हात लागला नाचायला. पळून जायचं तर दाराबाहेर तू. शेवटी म्हणालो, "काका, माझा हात थरथरतो." हे वाक्य मी तोवर कोणाला म्हटलेलं नव्हतं. डॉक्टरलाही तुझ्या ताईने सांगितलं होतं. काका म्हणाले, "बघू." मी हात धरला समोर. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "बरं. घाई नाही, शिडी माझी शेवटी आहे." आणि गाल फुगवून बसले.

तेव्हा मला माझा दुसरा मूर्खपणा कळला. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगत आलो की करंगळी गालावर टेकव, मग वस्तरा चालव. आणि थरथर सुरू झाल्यापासून मी स्वतः टेकवत नव्हतो. टेकवली तर गिऱ्हाइकाला कंप कळेल ना. ते लपवायला हात अधांतरी धरायचा, अधांतरी धरला की तो आणखी नाचायचा, मग मी वस्तराच ठेवून दिला. आता काकांना सांगूनच टाकलं होतं, लपवायला उरलं काय? करंगळीच काय, अर्धा तळवा टेकवला गालावर. थरथर गेली नाही. पण आवरली. वेळ लागला, घामाघूम झालो, हनुवटीखाली एक टिपका काढला. त्यावर तुरटी फिरवली आणि माफी मागितली. ते म्हणाले, "माझी मी करतो तेव्हा दोन निघतात."

पडद्याआड मी डोळे मिटून उभा होतो, कारण शिडी माझ्या दाढीवर उभी होती. ती पडली. काकांनी वाकून उचलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या खेपेला ती राहिली. पहाटे निघालो ते मोबाइलवाल्याच्या आधी दुकानात पोचायला. तुला उठवलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि बोललो असतो तर तुझ्या बायकोसमोर रडलो असतो. त्याला मी "जागा देत नाही" एवढंच म्हटलं. घरी मात्र काही सांगितलं नाही. आधी एक तरी दाढी खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची व्हावी, मग तुझ्या ताईला तोंड दाखवावं, असं ठरवलं होतं. तिला मी किती घाबरवलं ते आत्ता कळतंय. तुझ्यासारखंच गाढव तिच्या नशिबी दुसरं आलं.

पहिलं गिऱ्हाईक मागच्या आठवड्यात आलं. मी सांगितलं, हात थरथरतो, टेकवून करीन, वेळ लागेल. त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं आणि ते गेले. दुसऱ्यांनी फक्त केस कापून घेतले. मी दोन दिवस हिरमुसून बसलो. मापं घेऊ द्यायला हवी होती, असंही वाटून गेलं.

आज सकाळी कोपऱ्यावरचे घड्याळवाले आले. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, ऑगस्टनंतर फिरकले नव्हते. खुर्चीत बसले. मी तेच वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. दिवसभर भिंगातून बारीक हलणारं बघण्यात गेलाय माझा जन्म. तुम्ही बोलत नव्हता, मग मी कसं बोलणार? म्हणून येत नव्हतो." एवढं बोलून त्यांनी मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटले.

मी साबण लावला. तळवा टेकवला. पहिला हात फिरवला आणि मला समोरचं नीट दिसेना, म्हणून थांबलो. म्हणालो, "जरा थांबा, डोळ्यात साबण गेला."

ते डोळे न उघडता म्हणाले, "साबण तर माझ्या तोंडाला आहे. तुमच्या डोळ्यात कसा गेला?"

मी म्हटलं, "बोलू नका, वस्तरा चालू आहे."

तुझा,
भाऊजी